गरज आढळून आली नाही

पुण्यात आता इतकी विद्यापीठं झाली आहेत की माझं कुठलं ते सांगितलं नाही तरी कुणाचं काही अडणार नाही. सगळीकडे कुंड्या त्याच, फलक तेच, आणि फलकांवरच्या चुकाही त्याच. आमच्याकडे लेखन केंद्र स्थापन झालं तेव्हा मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला होते. मूल्यांकन समिती यायची होती. ती यायची म्हटली की विद्यापीठाला एकेक साक्षात्कार व्हायला लागतात. आपल्याकडे तक्रारपेटी नाही. मुलींना बसायला खोली नाही. आणि परदेशात म्हणे विद्यार्थ्यांना लिहायला मदत करणारं एक केंद्र असतं, तेही आपल्याकडे नाही. मग आठ दिवसांत सगळं झालं. ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी, एक लांबलचक टेबल आणि सहा गुबगुबीत खुर्च्या आल्या. फीत कापली, पेढे वाटले, फोटो निघाले. समिती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी भाड्याच्या कुंड्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी खुर्च्या परीक्षा विभागाने नेल्या. टेबल तेवढं राहिलं, कारण ते जिन्याच्या वळणावर अडकत होतं.

माझ्या गाईड बाई त्या इमारतीत एकट्याच अशा होत्या की ज्यांना लेखन केंद्र म्हणजे काय ते माहीत होतं. त्या म्हणाल्या, "फलक लागलाच आहे, तर त्याच्याखाली कुणीतरी बसा." मी बसले. वाचनकक्षातून चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. आणखी दोघी संशोधक यायला लागल्या.

कामाची पद्धत बाईंनी घालून दिली. ज्याने लिहिलंय त्याने स्वतः यायचं आणि आपलं लिखाण आपणच मोठ्याने वाचायचं. पेन त्याच्याच हातात राहील. आपण फक्त प्रश्न विचारायचे, एकही शब्द लिहून द्यायचा नाही. शेवटी एकच विचारायचं, "तुम्हाला हेच म्हणायचं आहे ना?" तो हो म्हणाला की उठायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या विद्यापीठाच्या सगळ्या रीतीभातींच्या हे विरुद्ध होतं. तिथे एक वाक्य चालतं: "जरा नजर टाका." वरचा माणूस खालच्याला कागद देतो आणि म्हणतो, जरा नजर टाका. त्याचा अर्थ, हे सगळं पुन्हा लिहून आण. खालचा तो कागद त्याच्या खालच्याला देतो आणि म्हणतो, जरा नजर टाका. असं करत करत कागद शेवटी कुठल्या तरी बिनपगारी संशोधक मुलीपाशी येऊन थांबतो आणि ती जागून तो लिहिते. कुलगुरूंची भाषणं, विभागप्रमुखांचे शोधनिबंध, मान्यवरांच्या शोकसभेतले ठराव, सगळं याच जिन्याने खाली उतरतं आणि सही होऊन वर जातं. सही करणाऱ्याने लिहिलेला एक परिच्छेद शोधून दाखवा, मी पेढे वाटीन.

तर टेबलाशी लोक यायला लागले. आधी अंदाज घ्यायला, मग खरोखरच. लोणी काळभोरहून एक मुलगी यायची. मातीच्या परीक्षणावर पीएच.डी. करत होती, प्रयोगशाळेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण कागद समोर आला की ती घामाघूम. पहिल्या दिवशी म्हणाली, "मॅडम, मला काय म्हणायचं हाय ते मला चांगलं ठाव हाय. पन लिवलं की ते दुसऱ्याच कुनाचं तरी वाटतंय." मी तिला म्हटलं, मग मला तोंडाने सांगा. तिने सांगितलं. शेतातली माती हातात घेऊन बोलावं तसं सांगितलं. मी म्हटलं, आता हेच लिहा. तिला वाटलं मी थट्टा करतेय. दोन महिन्यांनी तिने आपलं पहिलं प्रकरण आणलं आणि मोठ्याने वाचलं, तेव्हा पलीकडच्या झेरॉक्सवाल्यानेही यंत्र थांबवून ऐकलं.

आम्ही एक वही ठेवली होती. कोण आलं, कशासाठी आलं, काय झालं. पुढे माझ्या लक्षात आलं की माझ्या संशोधनाचा विषय माझ्यासमोर टेबलावरच पडलेला आहे. गाईड बाईंनी विषय बदलून घेतला, त्यासाठी कुणाकुणापुढे हात जोडले ते त्याच जाणोत. विद्यापीठांतली लेखन केंद्रं, आपल्याकडे ती कशी चालतात, कुणाला उपयोगी पडतात. देशात अशी केंद्रं मोजकीच. तिथे जायला हवं, आठ-आठ दिवस बसायला हवं, ऐकायला हवं.

आणि मी बसत होते कुठे, तर कोथरूडमधल्या एका क्लासमध्ये. रोज दुपारी तीन ते रात्री आठ, आठवी-नववीच्या मुलांना निबंध. निबंध शिकवायचे नसतात तिथे, वाटायचे असतात. एक आई मला म्हणाली होती, "मॅडम, ते स्वतः विचार करा वगैरे नको, बोर्डाला चालेल असं द्या." त्या क्लासवर माझं घर चालत होतं. ते सोडून गावोगावची केंद्रं बघत फिरायचं तर वर्षभराचं पाठबळ हवं होतं. माझ्या नोंदणीला मिळायची ती सगळी मुदतवाढ घेऊन झाली होती, पुढच्या मे महिन्यात ती संपणार होती. म्हणजे अनुदान मिळालं तर थिसिस होणार होता, नाही मिळालं तर नाही. इतका साधा हिशेब होता.

विद्यापीठाकडे डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांसाठी कुणा देणगीदाराने ठेवलेली तीन अनुदानं होती. मी अर्ज केला. अर्ज टेबलाशी बसून मोठ्याने वाचून घेतला, आमच्यातल्याच एकीने मला प्रश्न विचारले. वहीच्या सगळ्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या.

अब्बांना अर्जाचं सांगितलं तेव्हा त्यांनी वरच्या फळीकडे पाहिलं. बुधवार पेठेत त्यांचं बायंडिंगचं दुकान आहे. चाळीस वर्षं ते पुण्यातल्या लोकांचे थिसिस बांधतायत. काळं कापड, त्यावर सोनेरी अक्षरं. घरी ते आमच्याशी दखनीत बोलतात, पण थिसिसबद्दल बोलायचं झालं की मराठीत. तो विषय त्यांना गिऱ्हाइकांच्या तोंडून कळला म्हणून असेल. मी नाव नोंदवलं त्या वर्षी त्यांनी जुन्या मालातलं चांगलं कापड वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवून दिलं होतं. तसं कापड आता येत नाही म्हणतात. हात थरथरायला लागल्यापासून अक्षरं ते दुसऱ्याकडून करून घेतात, पण माझ्या थिसिसवरची अक्षरं स्वतःच उमटवणार, असं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं.

मुलाखतीला तिघे होते. अध्यक्ष वाणिज्य शाखेचे, मोठ्या मिश्यांचे. त्यांच्या डावीकडचे सद्गृहस्थ मोबाइलवर आंबे मागवत होते, उजवीकडच्या बाई बशीतली बिस्किटं चहात बुडवत होत्या. अध्यक्षांनी माझा अर्ज उघडला नाही. वर अर्धा पेला पाणी होतं, ते सांडेल म्हणून असेल.

"लेखन केंद्र म्हणजे ते हस्ताक्षर सुधारण्याचं का?"

मी सांगितलं, नाही.

"मग टायपिंग?"

मी पुन्हा सांगितलं. चांगली पाच मिनिटं सांगितलं. आपल्याच ग्रंथालयात पहिल्या मजल्यावर आहे, तेही सांगितलं. त्या केंद्राची फीत कापतानाच्या फोटोत ते दुसऱ्या रांगेत उभे होते, ते मात्र नाही सांगितलं.

ते ऐकत होते. निदान माझ्या दिशेने बघत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तुमचं मराठी फार छान आहे हो."

"मी पुण्यातलीच आहे, सर."

"हो हो. पण तरीही."

आमची किती पिढ्यांची माणसं या गावात पुरली गेलीत ते मी मोजून सांगू शकले असते. पण बाईंचं बिस्कीट चहात पडलं आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. मुलाखत संपली होती.

पंधरा दिवसांनी, दुपारी, मी टेबलाशी असताना वाणिज्य विभागाच्या कार्यालयातल्या कारकून बाई आल्या. हातात फाइल आणि पेनड्राइव्ह. "सर म्हणाले, जरा नजर टाका. अनुदान समितीचा अहवाल आहे. उद्या कुलगुरूंकडे जायचाय. त्यांचे नेहमीचे असिस्टंट लग्नाला गेलेत म्हणून इकडे पाठवलं."

"सरांना माहितीय हे कुणाकडे पाठवलंय?"

"सर म्हणाले, ते वर काहीतरी केंद्र आहे ना, तिथे द्या. तुम्ही डायरेक्ट त्यातच करून टाका आणि सहीला प्रिंट पाठवा. ते काही वाचत बसत नाहीत." एवढं बोलून बाई गेल्या. त्यांना बस गाठायची होती.

मी फाइल उघडली. अर्जदारांची नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. माझा सातवा. वरच्या यादीत मंजूर झालेले दोन अर्ज, आणि तिसरं अनुदान "योग्य अर्ज प्राप्त न झाल्याने" रिकामं ठेवलेलं. खालच्या यादीत बाकी सगळे. सातव्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: "सदर विषय संशोधनयोग्य असल्याचे जाणवले नसून विद्यापीठात अशा स्वरूपाच्या लेखन-साहाय्याची गरज आढळून आली नाही ही बाब विचारात घेऊन सदर समिती नामंजूर करण्यात येत आहे."

म्हणजे वाक्यानुसार समितीच नामंजूर झाली होती. त्या एका मुद्द्यावर माझं समितीशी एकमत होतं.

मला हसू आलं, मोठ्याने आलं. लेखन-साहाय्याची गरज आढळली नाही, असं ज्याला धड लिहिता आलं नाही, त्याने ते लेखन-साहाय्यासाठी लेखन केंद्राकडे पाठवलं होतं. इतका निर्मळ मूर्खपणा रोज बघायला मिळत नाही. मग हसू थांबलं आणि मी पेनड्राइव्ह ग्रंथालयाच्या संगणकाला लावला.

सातव्या क्रमांकाची ओळ खालच्या यादीतून उचलून वरच्या यादीत, तिसऱ्या जागी ठेवायची. कुणाचं काही जाणार नव्हतं. जागा रिकामीच होती. सही न वाचता होणार होती, कुलगुरूही न वाचता पुढे पाठवणार होते. मी ओळ हलवून पाहिली. वरती छान दिसत होती. पाच मिनिटं मी ती तिथेच राहू दिली आणि मनातल्या मनात कोथरूडच्या क्लासला राजीनामा लिहिला. मग ओळ परत खाली आणली.

मी फार प्रामाणिक आहे म्हणून नव्हे. असं कुणी म्हटलेलं मला आवडणारही नाही. एक तर मला त्या माणसाचं काम करून द्यायचं नव्हतं, अगदी माझ्या फायद्याचं असलं तरी. मला त्याची किळस आली होती. आणि दुसरं म्हणजे माझा त्या टेबलावर विश्वास होता. समोर बसून स्वतःचं वाक्य मोठ्याने वाचलं की माणसाला ते ऐकू येतं, हे मी वहीभर पाहिलं होतं. मला वाटलं, यालाही ऐकू येईल.

मी कार्यालयात फोन केला आणि सरांसाठी निरोप ठेवला: केंद्राचा नियम आहे, लिहिणाऱ्याने स्वतः यावं लागतं.

अध्यक्ष चार वाजता आले. जिना चढून धाप लागली होती. मी क्लासला कळवून ठेवलं होतं की आज येत नाही.

"अहो, नियम कसले? जरा नजर टाकायची होती."

"ती टाकली, सर. आता आपण वाचा. मोठ्याने."

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. लोणी काळभोरची मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एका नव्या मुलाला प्रश्न विचारत होती, आणखी दोघे भिंतीशी थांबले होते. इतक्या लोकांसमोर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. खिसे चाचपले. त्यांच्याजवळ पेन नव्हतं. मी माझं दिलं.

आधी त्यांनी भाषणाच्या आवाजात वाचलं. दुसऱ्या पानावर आवाज उतरला. काही वाक्यांशी ते आपण होऊन थांबले, पुटपुटले, खोडलं, नीट केलं. खरं सांगायचं तर ते वाईट विद्यार्थी नव्हते. त्यांना आयुष्यात कुणी बसवलंच नव्हतं. मग ते सातव्या क्रमांकाशी आले. त्यांनी वाचलं. समिती नामंजूर झाल्याचं त्यांच्याही लक्षात आलं आणि मिशीत हसले.

मी विचारलं, "गरज आढळून आली नाही म्हणजे, सर, कुणाला आढळली नाही?"

"समितीला."

"समितीने कुठे पाहिली?"

ते थांबले. ते थांबणं मी ओळखते. त्यासाठीच तर मी तिथे बसते. त्यांनी मान वर केली आणि बहुधा पहिल्यांदाच आजूबाजूला नीट पाहिलं. टेबलावरची वही, भिंतीशी थांबलेले दोघे, ती मुलगी. ती त्या मुलाला सांगत होती, "घाई नको. परत वाच." मग त्यांनी सगळं वाक्य आडवी रेघ मारून खोडलं आणि लिहायला लागले. स्वतःच्या हाताने, कुणाला न विचारता. मला आनंद झाला. इतका झाला की मी खिडकीबाहेर बघत राहिले, चेहऱ्यावर दिसू नये म्हणून.

त्यांनी वाचून दाखवलं: "विद्यापीठातील लेखन केंद्र उत्तम रीतीने चालू असल्यामुळे त्यावर संशोधन करण्याची आणि त्यासाठी अनुदान देण्याची गरज नाही."

वाक्य स्वच्छ होतं. काय म्हणायचं ते म्हणत होतं, आणि जे म्हणत होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. माझ्याजवळ आता एकच प्रश्न उरला होता, तो नियमाप्रमाणे विचारला.

"तुम्हाला हेच म्हणायचं आहे ना, सर?"

"अगदी हेच!" ते खूश होते. "बघा, आता कसं मुद्द्याचं झालं. छान काम करता हो तुम्ही. नाव काय तुमचं? कुठल्या विभागाच्या?" मी सांगितलं. "असं का. तुमचं मराठी फार छान आहे हो." फाइल घेऊन ते जिना उतरले. माझं पेनही घेऊन गेले.

वहीत मी नोंद केली. कशासाठी आले: अहवाल. काय झालं: वाक्य स्वतः सुधारलं. पुढे ते वाक्य विद्यापीठाच्या वार्षिक पुस्तिकेत टेबलाच्या फोटोखाली छापून आलं, अर्थात "उत्तम रीतीने चालू" एवढंच.

संध्याकाळी दुकानात जाऊन अब्बांना सगळं सांगितलं. ओळ हलवली तेही, परत आणली तेही. मला वाटलं होतं ते म्हणतील, बरं केलंस. चाळीस वर्षांत कुणाचं एक पान इकडचं तिकडे न केलेला माणूस.

ते म्हणाले, "ओळ वरच राहू द्यायची होतीस."

"अब्बा, तुम्ही म्हणता हे?"

"मी किती थिसिस बांधले. कुठला कुणी लिहिलाय ते इथे बसून कळतं. लिहिणारी मुलगी कागद घेऊन येते आणि वर नाव दुसऱ्याचं सांगते. मी विचारलं नाही कधी. सगळ्यांना सोनेरी अक्षरं घातली." मग दखनीत म्हणाले, "तेरे वास्ते एक लाइन हिल जाती तो क्या बिगडता था?"

त्या दिवशी मला अध्यक्षांचा राग आला होता तो खरा, पण घरी जाताना जो आला तो माझा स्वतःचा होता, आणि तो जास्त टिकला.

मे महिन्यात नोंदणी संपली. गाईड बाई निवृत्त झाल्या. मी रोज दुपारी तीनला कोथरूडला जाते आणि त्याआधी दोन तास टेबलाशी बसते, कारण लोक येतात. लोणी काळभोरच्या मुलीचा थिसिस झाला, तिचा तिनेच लिहिलेला. तो अब्बांनी बांधला.

जून महिन्यात एकदा दुकानात असताना एक गृहस्थ आले. त्यांना थिसिसच्या दोन प्रती दुसऱ्या दिवशी हव्या होत्या आणि काळं कापड संपलं होतं. अब्बांनी वरच्या फळीवरचं पुडकं काढलं, वर्तमानपत्र सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कापा. कापडाचं दुसरं टोक मी धरलं.

बाकावर बसलेल्या गृहस्थांनी पिशवीतून पहिलं पान काढून माझ्यापुढे केलं. "ताई, शिकलेल्या दिसता. शीर्षक बरोबर आहे का, जरा नजर टाका ना."

शीर्षकात मला दोन चुका दिसल्या. मी त्यांचं पान त्यांना परत दिलं आणि म्हटलं, "मोठ्याने वाचा."